एका तालावर शंभर वल्ही

आपल्या मराठी भाषेत 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग इतका रुळून गेला आहे की, तो मुळात पाण्यावरचा आहे हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानीही येत नाही. दोन होड्या एकमेकींस बांधून जो तरता आधार करतात, त्यास सांगड म्हणतात. एकटी होडी थोड्याशा लाटेनेही हेलकावे खाते. तीच दुसरीशी जखडली की तिच्यावरून धान्याची पोती, गुरेढोरे, वऱ्हाडाची मंडळी, सारे सुखरूप पैलतीरास लागते. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या पठारावर वाढलेल्या आमच्या वाचकांना खाडीचा परिचय कदाचित नसेल, परंतु सांगड त्यांच्याही जिभेवर आहे. आज ज्या प्रदेशाची ओळख आम्ही करून देणार आहोत, तेथील माणसांनी मात्र हा शब्द न उच्चारताच आपले सारे जीवन त्यावर उभारले आहे. तो प्रदेश म्हणजे केरळातील कुट्टनाड.

पाण्याखालची शेती

वेंबनाड सरोवराच्या दक्षिणेस पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल ह्या नद्या आपले पाणी आणून ओततात. त्या मुखाशी पसरलेला हा मुलूख समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सरोवराच्या गाळाचे बांध घालायचे, आतले पाणी उपसून बाहेर टाकायचे आणि उघड्या पडलेल्या चिखलात भात पेरायचे, अशी येथली शेती. नावेत बसून जाताना पाणी वर व शेते खाली, असे विलक्षण दृश्य दिसते. ह्या कष्टांची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली कुट्टनाडच्या शेतीपद्धतीचा जागतिक महत्त्वाच्या कृषी-वारशांत समावेश केला.

आता विचार करा, अशा शेतीत एकटा माणूस काय करणार? बांध एकाच्या शेताशी फुटला, तरी पाणी सर्वांच्या पिकावरून फिरते. तेव्हा बांध सर्वांचा, उपसा सर्वांचा आणि रात्रीचा जागताही सर्वांचा. शेजाऱ्याशी अबोला धरण्याची चैन कुट्टनाडच्या शेतकऱ्याला परवडत नाही. तेथील नौकांच्या शर्यतींचे मूळ आम्हांला ह्या बांधावर सापडते. जे एकत्र राबतात, तेच एकत्र वल्हवू शकतात.

चंपकुळमची रात्र

ह्या शर्यतींना मल्याळी भाषेत 'वळ्ळमकळी' म्हणतात. वळ्ळम म्हणजे नाव आणि कळी म्हणजे खेळ. मोसमाची पहिली मोठी शर्यत मिथुन महिन्यातील मूळ नक्षत्रावर, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, चंपकुळम गावी पंपा नदीत होते. तिच्यामागे परंपरेने एक कथा सांगतात. ती आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी.

चेंपकश्शेरीच्या राजाने अंबलप्पुळा येथे श्रीकृष्णाचे मंदिर बांधिले. स्थापनेसाठी आणिलेली मूर्ती सदोष ठरली, म्हणून कुरिची गावच्या मंदिरातील मूर्ती जलमार्गाने आणण्याचे ठरले. वाटेत रात्र पडली. पाण्यावरची रात्र धोक्याची; मूर्तीस सुरक्षित आसरा हवा. तेव्हा चंपकुळमच्या माप्पिळश्शेरी ह्या ख्रिस्ती घराण्याने आपले दार उघडिले आणि त्या घरी मूर्तीने रात्र काढली. सकाळी गावोगावचे लोक शृंगारलेल्या नावा घेऊन लोटले आणि वाजतगाजत मूर्तीस अंबलप्पुळ्याला पोहोचविते झाले. त्या मिरवणुकीची आठवण म्हणजे ही शर्यत. आजही शर्यतीच्या दिवशी मंदिराची मंडळी त्या ख्रिस्ती घरी आणि कल्लूरकाडच्या पवित्र मरियेच्या ख्रिस्तमंदिरी मानाने येऊन जातात. हे ख्रिस्तमंदिर फार प्राचीन. परंपरा त्याची स्थापना इसवी सन ४२७ ची मानते. २०१६ साली त्यास बॅसिलिकेचा सन्मान मिळाला.

आपला विश्वास त्या घरधन्याने सोडला असे कोणी म्हणत नाही. त्याने रात्रीच्या वेळी आलेल्या शेजाऱ्याला परत लाविले नाही, इतकेच. परंतु त्या एका रात्रीच्या आतिथ्यावर शतकानुशतकांचे सख्य उभे राहिले. आपल्या दारावर रात्री थाप पडली तर आपण काय करू, हा प्रश्न ही कथा ऐकल्यावर आमच्या मनातून जाईना.

सर्पाकृती नौका

शर्यतीच्या मोठ्या नावेस 'चुंडन वळ्ळम' म्हणतात. तिची लांबी शंभर फुटांहून अधिक असते. मागची बाजू फणा काढलेल्या नागासारखी सुमारे वीस फूट उंच उठते. नाव मुख्यतः आंजिली नावाच्या, फणसाच्याच जातीतल्या रानझाडाच्या लाकडाची करितात. पाण्याशी घर्षण कमी व्हावे म्हणून पूर्वी माशाचे तेल, नारळाच्या करवंटीची काजळी आणि अंडी ह्यांचे लेपन करीत. जुन्या काळी चेंपकश्शेरी व कायंकुळम येथील राजांच्या लढायांसाठी अशा नावा प्रथम घडविल्या गेल्या, असे परंपरा सांगते. युद्धाचे साधन कालांतराने उत्सवाचे साधन झाले, ही गोष्टच किती समाधानाची!

एका नावेत शंभराच्या आसपास माणसे बसतात. दोहों बाजूंस जोडीजोडीने वल्हेकरी, पिछाडीस लांब वल्ही घेऊन उभे राहिलेले सुकाणूवाले, मध्यभागी फळीवर दांडा आपटून ताल देणारे आणि त्यांच्याजवळ 'वंचिप्पाट्टु' म्हणजे नौकागीते गाणारे. गाणारे वल्हवीत नाहीत, म्हणून त्यांना कोणी निरुपयोगी समजेल. पण ते थांबले तर शंभर वल्ही शंभर दिशांना जातील. नाळेजवळचे वल्हेकरी गती ठरवितात, मधले बळ पुरवितात, मागचे दिशा राखतात. नाव अरुंद, त्यामुळे एकाचेही वल्हे उशिरा पडले की मागच्याच्या वल्ह्यावर आदळते आणि सारी रांग विस्कटते. म्हणून सर्वांत बलवान माणूस तेथे सर्वांत उपयोगी ठरतोच असे नाही. जो आपले बळ शेजाऱ्याच्या बळाशी जुळवून घेतो, तोच खरा वल्हेकरी. संत पौलाने करिंथकरांस शरीराच्या अवयवांचा दृष्टांत देऊन जे समजाविले, ते चंपकुळमच्या घाटावर उभे राहिले की डोळ्यांना दिसते.

स्त्रियाही ह्यात मागे नाहीत. 'तेक्कनोडी' नावाच्या नावांच्या शर्यतीत स्त्रियांचे संघ उतरतात आणि काठावरचा जयघोष त्यांच्यासाठीही तितकाच उंच असतो.

पंतप्रधानांची उडी

डिसेंबर १९५२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू कुट्टनाडात आले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ आलप्पुळा येथे नौकांची शर्यत झाली. 'नडुभागम' नावाची नाव जिंकली. तो सोहळा पाहून पंडितजींना राहवेना; सुरक्षिततेचे सारे संकेत बाजूस सारून त्यांनी त्या नावेत उडी घेतली व धक्क्यापर्यंत तीतूनच प्रवास केला. दिल्लीस परतल्यावर त्यांनी स्वतःच्या स्वाक्षरीची, नावेच्या आकाराची रौप्य प्रतिकृती बक्षीस म्हणून धाडली. तीवरील मजकुरात त्यांनी ह्या शर्यतीस तेथील सामुदायिक जीवनाचे वैशिष्ट्य म्हणून गौरविले आहे. पराक्रम वा वेग ह्यांपैकी कशाचाही उल्लेख न करिता त्यांनी सामुदायिक जीवनाचा करावा, ह्यात त्यांची दृष्टी दिसते. आलप्पुळ्याच्या पुन्नमडा सरोवरात होणारी नेहरू चषकाची शर्यत त्या दिवसापासूनची.

पाण्याच्या वाटेने

शर्यतीचा दिवस एक. बाकीचे दिवस कुट्टनाड पाण्यावरच जगते. आलप्पुळ्याहून सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटीत बसावे. त्याच बोटीत शाळेची मुले, टोपल्या घेतलेल्या बायका व कार्यालयास निघालेले कारकून असतात. दोहों बाजूंस माडांच्या ओळी, पायरीवर भांडी घासणारी गृहिणी, वाऱ्यावर डुलणारे भात, खंड्या पक्ष्याची निळी झेप. मध्येच एखाद्या ख्रिस्तमंदिराचा पांढरा दर्शनी भाग थेट पाण्यात प्रतिबिंबित होतो. कैनकरी हे गाव ह्याच पाण्याकाठी. संत कुरियाकोस एलियास चावरा ह्यांचा जन्म १८०५ साली तेथलाच. ख्रिस्तमंदिराशेजारी शाळा असावी, असा आग्रह धरणाऱ्या ह्या धर्मगुरूंना २०१४ साली संतपद घोषित झाले.

परंतु हे सौंदर्य निर्वेध नाही. जलपर्णीने कालवे गुदमरतात. पर्यटकांच्या घरनौका वाढल्या, त्यांचे तेल व मैला पाण्यातच जातो. जे पाणी पाहावयास लोक दुरून येतात, तेच पाणी काठच्या माणसास पिण्याच्या उपयोगाचे राहिले नाही. ईश्वराने दिलेल्या निसर्गाचे आपण पाहुणे नसून राखणदार आहोत, ही जाणीव सहलीच्या सामानात प्रथम बांधिली पाहिजे.

वल्हे कोणाच्या हाती?

शर्यतींतही बदल झाले आहेत. पूर्वी गावाने वर्गणी काढून नाव बांधावी, गावच्याच तरुणांनी ती वल्हवावी आणि पराभव झाला तर साऱ्या गावाने मिळून मान खाली घालावी, अशी रीत. आता गावचे तरुण आखातात व परदेशी गेले. संघ बाहेरून कसलेले वल्हेकरी पगारावर आणतात. परराज्यांतील वल्हेकरी किती घ्यावेत ह्यावर नियम करावे लागले. २०१९ साली राज्याच्या पर्यटन खात्याने मोठ्या बक्षिसांची साखळी-स्पर्धा सुरू केली. त्यामुळे नावा टिकल्या, सुतारांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. चुरसही अशी वाढली की, २०२४ च्या नेहरू चषकात पहिल्या दोन नावांतील अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होते आणि निकालावरून वाद माजला.

ज्या नावेत आपला एकही मुलगा नाही, ती नाव गावाची म्हणावी काय? हा प्रश्न आम्ही कुट्टनाडच्या एका वृद्ध शेतकऱ्यास विचारिला. तो हसून म्हणाला, "मुले गेली, पण सरावाच्या वेळी त्या परक्या पोरांना जेवू कोण घालते? आमच्याच बायका. जो आमच्या पानावर जेवला, तो आमचा." आम्ही निरुत्तर झालो. तरीही मनातील काळजी पुरती गेली नाही. जेवू घालणारे हात जोपर्यंत आहेत, तोपर्यंत हे ठीक, पुढे काय?

ह्या काळजीचे एक उत्तर आम्हांला २०१८ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. महापुराने कुट्टनाड बुडाले. त्या वर्षीची नेहरू चषकाची शर्यत नोव्हेंबरवर गेली आणि नावांना वेगळेच काम आले. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी, ज्यांत आपल्या धर्मग्रामांतील मंडळी पुष्कळ होती, आपले मचवे मालमोटारींवर चढविले आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता ते आत शिरले. हजारो माणसे त्यांनी छपरांवरून उतरविली. कोण कोणत्या धर्माचा, हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांना केरळचे सैन्य म्हणून गौरविले. संत पेत्राच्या मचव्यात मासे मावेनात, तेव्हा त्याने दुसऱ्या मचव्यातील सोबत्यांस खूण केली, असे शुभवर्तमानात आपण वाचतो. ह्या कोळी बांधवांनी तर खूण होण्याआधीच नावा सोडल्या.

आपल्या दारचे पाणी

हे सारे दूरचे असे आमच्या गोव्याच्या वाचकांनी समजू नये. २४ जूनला, संत जुवांवच्या फेस्तास, शिवोलीला शृंगारलेल्या होड्यांची मिरवणूक येते. २९ जूनला, संत पेत्र व संत पौल ह्यांच्या सणी, कांदोळीसारख्या गावचे कोळी बांधव होड्या एकत्र बांधून त्यांवर मंदिराचा देखावा उभारितात व गाणी-नाट्ये सादर करितात. त्यास ते 'सांगोड' म्हणतात. आणि कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाला आपले हिंदू बांधव जोडलेल्या होड्यांवर देखावे करितात, त्यासही नाव 'सांगोड'च! शब्द एक, रीत एक, पाणीही एकच.

मग फिर्गजेतील तरुण मंडळांनी वर्षातून एक दिवस पाण्यास का देऊ नये? चोडण बेटाच्या खारफुटीत डॉक्टर सलीम अली ह्यांच्या नावाचे पक्षी-अभयारण्य आहे. लहान होडीतून तेथील वाटा पाहण्यासारखा आनंद थोडाच. मात्र भरती-ओहोटीची वेळ जाणणारा स्थानिक तांडेल सोबत असावा, प्रत्येकाच्या अंगावर तरते जाकीट असावे, आणि कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत हे विसरू नये. शर्यत लावायची तर वाड्याविरुद्ध वाडा अशी लावू नये. सणाच्या हिशेबावरून जे दोन वाडे वर्षभर बोलत नाहीत, त्यांची माणसे एकाच होडीत एकाआड एक बसवावीत. बेळगाव-वडोदऱ्याच्या वाचकांजवळ खाडी नसेल. पण न बोलणारे दोन वाडे कोठे नाहीत?

लॅटिन भाषेत नौकेस 'नाविस' म्हणतात आणि ख्रिस्तमंदिराच्या ज्या मधल्या दालनात आपण रविवारी बसतो, त्याचे युरोपीय नाव त्याच शब्दावरून आलेले मानितात. म्हणजे दर रविवारी आपण एका नावेतच बसतो. येत्या रविवारी मिस्साबलीस बसाल, तेव्हा शेजारी कोण आहे ते पाहा. त्याच्याशी आपले वल्हे जुळते काय? नसेल जुळत, तर मंदिराबाहेर पडण्यापूर्वी त्याला हाक मारावी. नाव त्याचीही आहे.