कर्नेलची आज्ञापंक्ती

लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. संगणक सुरू होताना आपली मूळ फाइल-व्यवस्था कोणत्या डिस्कवर आहे, हे त्यास कळावे लागते. परंतु ती हाती येईपर्यंत तीत लिहून ठेवलेली सूचना वाचता येत नाही. यास्तव ग्रबसारखी प्रारंभक आज्ञावली कर्नेल स्मृतीत आणते, तेव्हाच मजकुराची एक ओळ त्याच्या स्वाधीन करते.

या ओळीचे व्याकरण अल्पाक्षरी आहे. पदे मोकळ्या जागेने विलग होतात. काही पदे एकटी येतात. उदाहरणार्थ, संदेश आवरणारे ‘क्वाएट’. काहींत नाव, बरोबरीचे चिन्ह व मूल्य असते. उदाहरणार्थ, मूळ विभाग सांगणारे ‘रूट’. क्रमासही अर्थ आहे : ‘कन्सोल’ अनेकदा आल्यास मुख्यत्वाचा मान शेवटच्या उल्लेखास मिळतो.

अनोळखी पदात टिंब नसल्यास कर्नेल ते ‘इनिट’ या पहिल्या प्रक्रियेकडे सोपवितो. त्यामुळे नाव लिहिण्यात चूक झाली तरी प्रारंभ बहुधा थांबत नाही. इच्छिलेला परिणाम मात्र होत नाही. ‘रूट’चे मूल्य चुकल्यास प्रारंभच अडतो.

याच ओळीत इनिटच्या जागी शेल नेमल्यास परवलीचा शब्द न विचारता सर्वाधिकार मिळू शकतात. शब्द विसरलेल्या व्यवस्थापकास हा आधार, तर आगंतुकास ही उघडी खिडकी होय. म्हणून ग्रबमधील ओळ बदलण्यावरही परवलीचा शब्द ठेवणे आणि डिस्क सांकेतिक करणे अगत्याचे ठरते.