लिंकनची दोन पत्रं आणि खामगावचा कापूस

बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळेत अब्राहम लिंकन बहुधा पत्राच्या रूपाने भेटतो. मुलाच्या हेडमास्तरांना त्याने लिहिलं म्हणतात ते पत्र. वसंत बापटांनी ते मराठीत असं उतरवलं की शिक्षकदिनाच्या भाषणांत ते हमखास येतं. पण लिंकनने ते लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. रॉय बासलर यांनी १९५३पासून छापलेल्या त्याच्या समग्र लेखनात ते सापडत नाही. त्याचा धाकटा मुलगा टॅड तर व्हाइट हाउसमध्ये खासगी शिक्षकांकडे शिकत होता.

मुलांसाठीच्या चरित्रांत अशी भर पडतेच. लिंकन स्वतः लहानपणी पार्सन वीम्सने लिहिलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं चरित्र वाचून भारावला होता. अध्यक्षपद घ्यायला निघाल्यावर, २१ फेब्रुवारी १८६१ला न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्याने त्या पुस्तकाची आठवण सांगितली. चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून खरं बोलणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनची गोष्ट याच वीम्सची, आणि तीही रचलेलीच! मला वीम्सचा राग येत नाही. एका गरीब पोराला त्याने वाचतं केलं.

मोठ्यांसाठी मराठीत वि. ग. कानिटकरांचं चरित्र आहे. ‘फाळणी टाळणारा महापुरुष’ हे त्याचं उपशीर्षकच १९४७ पाहिलेल्या वाचकाशी बोलतं. त्याआधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पण लिंकनचा वऱ्हाडाशी जो सरळ व्यवहाराचा संबंध आला, तो मुलांच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १९ एप्रिल १८६१ला लिंकनने बंडखोर दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा. तो अडला आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा माल तिथे अमरावतीच्या नावाने ‘ऊम्रा’ म्हणून विकला जाई. एरवी त्याला नाकं मुरडणारे आता जादा भावाने उचलू लागले. वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ म्हणजे खामगाव. मुंबईत कापसाचा पैसा शेअरांत ओतला गेला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध सरत आलं, लिंकनचा खून झाला; भाव उतरले आणि जुलैत मुंबईचा फुगा फुटला. चढत्या भावाची चटक लागलेल्या कास्तकाराला उतरता भावही सोसावा लागला. सावकाराची वही मात्र दोन्ही वेळा चालूच होती.

याच टंचाईतलं लिंकनचं एक अस्सल पत्र आहे. कापसाविना मँचेस्टरच्या गिरण्या थंडावल्या, कामगार उपाशी राहिले. तरी १८६२च्या शेवटच्या दिवशी त्यांनी सभा घेऊन गुलामीविरुद्ध लिंकनची बाजू घेतली. १९ जानेवारी १८६३ला लिंकनने त्यांना उत्तर लिहिलं. त्यांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत, असं सांगून त्याने त्यांच्या धैर्याला मनापासून दाद दिली. हेडमास्तरांच्या पत्राइतकं ते गोड नाही. त्यात भूक आहे, बाजार आहे आणि न दिसणाऱ्या परक्या माणसासाठी स्वतः झळ सोसणं आहे. सातवी-आठवीच्या मुलाला ते नक्की कळेल. घरी कापसाच्या भावाची चर्चा तो रोज ऐकतो.

पुढे १८७०मध्ये कापूस वाहून नेण्यासाठी जलंब–खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. खामगावच्या मुलांसाठी कुणी लिंकनचं चरित्र लिहायला घेतलं, तर तो जन्मला त्या केंटकीच्या लाकडी झोपडीआधी जलंबच्या फलाटावरून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.