चिनी मातीच्या कुंडीला भोक पाडताना



भिसेगावला येऊन गेलेली मंडळी जाताना इथले एखादे रोप मागून नेतात आणि घरी गेल्यावर भेट म्हणून आलेल्या देखण्या चिनी मातीच्या कुंडीत लावतात. दोन महिन्यांनी निरोप येतो, “पाणी रोज घालत होतो, तरी पिवळे पडले.” तरी नव्हे, त्यामुळेच. त्या कुंडीला खाली भोक नसते.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधली जागा पाण्याने सतत भरलेली राहिली, की मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुंभाराची भाजलेली लाल कुंडी सच्छिद्र असते, तिच्या अंगातून थोडे पाणी उडून जाते. चिनी मातीच्या कुंडीवर काचेसारखी झिलई असते. तिथून काहीच बाहेर पडत नाही.

पुष्कळजण तळाशी खडीचा थर घालतात. त्याने काम होत नाही. ओला स्पंज उचलून धरा: थेंब पडायचे थांबले तरी त्याचा खालचा भाग चिंब राहतो. मातीही तशीच पाणी धरून ठेवते, आणि खडी घातल्याने तो चिंब भाग उलट मुळांच्या आणखी जवळ येतो.

तेव्हा भोकच पाडावे. त्यासाठी हिऱ्याची पूड लावलेले पोकळ बिट हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मध्यम कुंडीला १० ते १२ मिलिमीटरचे पुरते. भिंतीचे साधे बिट लाल कुंडीला चालते, झिलईवर मात्र घसरते. बॅटरीवरचे ड्रिल मशीन घ्यावे, कारण इथे पाणी वापरायचे आहे आणि ओल्या हातात विजेची वायर नको. मशीनचा हॅमर आठवणीने बंद करा. तो चालू राहिला तर कुंडीचे दोन तुकडे ठरलेले.

कुंडी दुमडलेल्या गोणपाटावर पालथी ठेवा, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावा आणि डोळ्यांवर चष्मा चढवा. बिट आधी तिरके धरून अर्धचंद्रासारखी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचे. वेग कमी असावा. कुणीतरी शेजारी बसून थेंब थेंब पाणी सोडत राहावे: त्याने बिट तापत नाही आणि फुप्फुसाला घातक अशी बारीक धूळ उडत नाही. जोर लावू नका, मशीनच्या वजनालाच काम करू द्या. आरपार जाण्याची वेळ सर्वांत नाजूक. तेव्हा दाब आणखी कमी करा, नाहीतर आतल्या बाजूची खपली उडते. पाच-दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. मोठ्या कुंडीला तीन भोके बरी.

माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक वाकडा तुकडा पालथा ठेवावा. भातखाचराची चिकण माती नुसतीच भरू नये, तिच्यात शेणखत आणि जाड वाळू मिसळावी. कुंडी जमिनीला टेकली तर भोक पुन्हा बंद होते, म्हणून खाली विटेचे तुकडे द्यावेत. ताटली ठेवलीच तर तिच्यातले पाणी ओतून टाकावे; डेंग्यूच्या डासाला आठवडाभर साचलेले पाणी पुरते.

आजीच्या वेळची किंवा आधीच तडा गेलेली कुंडी असेल तर तिला ड्रिल लावू नका. रोप भोकाच्या साध्या प्लास्टिक कुंडीत लावून ती आत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढावी आणि निथळली की परत ठेवावी.