पायाखालची ऊब

जानेवारीत सोलमधला पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. तरीही कोरियन माणूस घरात शिरताना पादत्राणं दाराशी काढतो आणि खुशाल जमिनीवर बसतो, कारण जमीनच गरम असते. या पद्धतीला तिथे ‘ओन्दोल’ म्हणतात.

जुन्या घरांत स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर असे. चुलीवर भात शिजत असताना तिचा जाळ आणि धूर शेजारच्या खोलीखाली बांधलेल्या अरुंद बोळांत शिरायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. बोळांवर सपाट दगड, त्यावर मातीचा लेप, वर तेल पाजलेला जाड कागद. एकदा तापलेले दगड चूल विझल्यावरही रात्रभर ऊब देत. चुलीलगतची जागा सर्वांत गरम, म्हणून तो मान वडीलधाऱ्यांचा. उशिरा घरी येणाऱ्यासाठी भाताचं झाकणाचं भांडं तिथेच पांघरुणाखाली ठेवत. एकाच सरपणात जेवणही होई आणि निजण्याची सोयही, ही काटकसर मला फार मोलाची वाटते.

गारठा काही नुसत्या हवेचा नसतो. आपलं अंग समोरच्या थंड भिंतींकडे आणि काचांकडे सतत उष्णता सोडत असतं. गरम हवा फेकणारा हीटर लावला तर ती हवा छताशी जाते. डोकं तापतं, पाय गारच राहतात. जमीन तापवली की ऊब तळव्यांपासून मिळते आणि हवा थोडी थंड असली तरी चालतं.

पण या पद्धतीने जीवही घेतले. विसाव्या शतकात लाकडाच्या जागी कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या आल्या. जमिनीला तडा गेला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड खोलीत झिरपे. या वायूला वास नाही. कित्येक माणसं झोपेतच दगावली.

आता बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरतं, धूर खोलीखाली येतच नाही. सगळी जमीनच तापत असल्यामुळे रेडिएटरला लागतं तितकं कढत पाणी लागत नाही. साधारण चाळीस अंशांचंही पुरतं. म्हणूनच कमी तापमानाचं पाणी देताना उत्तम चालणाऱ्या हीट पंपाशी या पद्धतीची छान जोडी जमते. उणीव एवढीच, की गार पडलेली जमीन पुन्हा तापायला बराच वेळ लागतो. रिकाम्या घरासाठी तिथल्या बॉयलरच्या पॅनलवर ‘बाहेर जाताना’ असं वेगळं बटण असतं. ते दाबलं की बॉयलर पूर्ण बंद न होता गरजेपुरता चालतो आणि नळ्यांतलं पाणी गोठत नाही.