स्पाचं पाणी रात्रीत उतरतं? टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

पूल मेंटेनन्सच्या धंद्यात ही तक्रार हमखास येते: "पूलला जोडलेला स्पा सकाळी अर्धा रिकामा असतो." सुरुवातीला लोणावळ्याच्या एका व्हिलात मी हे लीकेज समजून थेट टाइल्स फोडायचं कोटेशन दिलं. दुसऱ्याने येऊन फक्त एक व्हॉल्व्ह साफ केला. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट त्याला मिळालं.

आता कारण समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी दोन्हींना एकच पंप असतो आणि स्पा पूलपेक्षा उंच. पंप चालू असताना पाणी स्पात चढतं, काठावरून पूलमध्ये सांडतं. पंप बंद झाला की तेच पाणी पाइपातून उलटं खाली येऊ बघतं. त्याला अडवतो रिटर्न लाइनवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्यात पान किंवा खडा अडकला की झडप नीट मिटत नाही.

पूल भरलेला मात्र पटकन दिसत नाही. २ बाय २ मीटरचा स्पा ३० सेंटिमीटर उतरला, म्हणजे १,२०० लिटर गेले. ८ बाय ४ मीटरच्या पूलमध्ये त्याने पातळी चार सेंटिमीटरही वाढत नाही!

टेस्ट सोपी आहे. पंप बंद करून स्पाच्या सक्शन आणि रिटर्न, दोन्ही लाइन बंद करा. पातळीवर टेप लावा. सकाळी पाणी टिकलं, तर स्पाचं बांधकाम ठीक. पुढच्या रात्री फक्त रिटर्न उघडा. पाणी उतरलं, तर दोषी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप सुरू करण्याआधी सगळे व्हॉल्व्ह पूर्वीसारखे करायला विसरू नका.

बिल छोटं होईल, पण ग्राहक तुमचाच राहील.