गडांना मान मिळाला, वाईच्या आळ्यांचे काय?

युनेस्कोने जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत प्रतापगड आहे. पुण्याहून तिकडे निघालेला प्रवासी पसरणी घाट चढण्याआधी वाईत थांबतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि पुढे जातो. वास्तविक प्रतापगडच्या भेटीआधी अफजलखानाचा तळ पडला होता तो याच वाईत.

जुनी वाई समजून घ्यायची तर नदीपासून सुरुवात करावी. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड या आळ्या कृष्णेच्या काठाने वसल्या. आळीगणिक घाट, आणि थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सवही आळीपाळीने. गावाची रचना अशी उत्सवात अजून जिवंत आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

घाटावरच्या देवळांवर रास्ते घराण्याची छाप आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२मध्ये ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. भाविक मूर्ती पाहतात; मी म्हणेन, देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती होत टोकाला मिळते. सपाट भिंतीने पुराचा सगळा लोंढा अंगावर घेतला असता. टोकामुळे पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. बांधणाऱ्यांनी देऊळ नदीपासून दूर नेले नाही. पूर येणारच हे धरूनच त्यांनी दगड रचला. नदीपात्रात भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्या आजच्या महाराष्ट्राने ही भिंत अभ्यासाला लावावी.

देवळे टिकतील, त्यांना भाविक आहेत. जिवाला घोर आहे तो वाड्यांचा. दगडी जोते, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे चौक. अशा घराला कौले दरवर्षी चाळावी लागतात. एक पावसाळा चुकला की पाणी तुळईत मुरते. वारस अनेक, भाडेकरू जुने, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. मग वाडा उतरतो आणि त्या जागी स्टिल्टवर इमारत उभी राहते. चौक गेला, ओटा गेला, गल्लीकडे तोंड करून बसणारे घरही गेले.

एखादा वाडा ‘स्मारक’ करून हे थांबणार नाही. वाडा, बोळ, घाट मिळून आळी होते; संरक्षण द्यायचे ते अख्ख्या आळीला. सुरुवात आळीवार नोंदीने करावी, आणि जो मालक कौले चाळून घर राखतो त्याला घरपट्टीत सूट द्यावी. गडांसाठी जेवढी धावपळ झाली, तिच्या दशांशात हे काम होईल.