एकरी उतारा वाढला, पण कशामुळे?

‘अमुक वाण लावलेल्यांना एकरी दोन क्विंटल जास्त झालं, म्हणजे वाणातच दम आहे.’ पेरणीच्या तोंडावर मेहकर तालुक्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात हे ऐकायला मिळेल. आकडा बहुधा खरा असतो. निष्कर्ष मात्र टिकत नाही. महाग, नवं बियाणं आधी कोण घेतं? ज्याचं वावर भारी, विहिरीला पाणी आणि फवारणीला पैसा, तो. जुन्या बियाण्यातही त्याला शेजाऱ्यापेक्षा जास्तच पिकलं असतं. खरी तुलना हवी ती त्याच शेतकऱ्याशी, त्याच हंगामात, ते बियाणं न लावता. ते तर कुणालाच दिसत नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं, आणि ते कोण, यावर सगळं अवलंबून असतं.

मग आधीचं आणि नंतरचं पाहिलं की भागतं, असाही एक समज आहे. नाही भागत, मधल्या काळात पाऊस, भाव, रस्ते, सगळंच बदलतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, तेव्हा शेजारच्या ४७ गावांतही जन्म-मृत्यूंची तशीच नोंद ठेवली. १९९३ ते ९५ ही वर्षं नुसती मोजणीची होती. काळजी सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. ४७ गावांत तो साठाच्या घरातच राहिला. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणूनच ती आधीची मोजणी इतकी मोलाची.

‘चिठ्ठ्या टाकणं म्हणजे अन्याय, शिवाय अशास्त्रीय.’ हिवरा आश्रमच्या विवेकानंद कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी यावर हसेल. प्लॉटला वाण चिठ्ठीनेच द्यायचं, हे कृषी पदवीच्या अभ्यासातच असतं. फिशर यांनी इंग्लंडमध्ये मांडलेली ही रीत पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती दिली. चिठ्ठीला भारी जमीन कळत नाही आणि मेहनती माणूसही कळत नाही, म्हणून प्लॉट पुरेसे असले की न मोजलेले फरकही दोन्ही बाजूंना सारखे पडतात. राहिला अन्याय. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या प्रयोगात मुंबई आणि वडोदऱ्यात काही शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी ताई, मिळाली, काहींना वेगळ्या इयत्तेसाठी; कुठलीच शाळा रिकामी राहिली नाही. एका शाळेची बालसखी न मिळालेली इयत्ता दुसऱ्या शाळेच्या त्याच इयत्तेशी तुलनेला आली.

सगळ्यात चिवट गैरसमज रिग्रेशनचा आहे: जमीन, पाणी, खत, शिक्षण असे रकाने भरले की संगणक खरं कारण काढून देतो. रिग्रेशन फक्त मोजलेल्याचा हिशेब करतं. वेळेवर डवरणी करणाऱ्याची शिस्त कुठल्या रकान्यात घालणार? उलट, नको तो रकाना घातला तर उत्तर बिघडतंच. अळी कमी पडणं हाच बीटी कपाशीचा गुण; ‘अळीचं नुकसान’ हा रकाना धरून हिशेब केला, की बीटीचा बराचसा फायदाच पुसला जातो.

बीटीचीच गोष्ट पुढे पाहू. २००१ मध्ये महिको कंपनीच्या चाचण्यांत एकाच शेतकऱ्याच्या वावरात बीटी आणि बिगरबीटी शेजारी-शेजारी लावलं होतं. कैम आणि झिल्बरमन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यावरून उत्पादन सुमारे ८० टक्के जास्त असल्याचं मांडलं आणि वाद पेटला. त्या वर्षी बोंडअळीचा कहर होता. शेजारचा प्लॉटही त्या एका वर्षाबद्दलच बोलतो. पुढे काथागे आणि कैम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या त्याच शेतकऱ्यांकडे २००२ ते २००८ दरम्यान चार वेळा जाऊन माहिती घेतली आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. यात न बदलणारी जमीन आणि हुशारी वजा होते. उत्तर आलं २४ टक्के.

आता हा २४ चा आकडा दाखवून यंदा कुणी बॅग विकत असेल, तर तो चार राज्यांची २००८ पर्यंतची सरासरी विकतो आहे. त्यानंतर गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ मध्ये विदर्भाने ते भोगलं. मेहकरच्या कोरडवाहू वावरात यंदा काय होईल, हे शोधायचं तर इथल्याच वावरांत शेजारी-शेजारी तास हवेत, कुठल्या तासात काय लावायचं ते चिठ्ठीने ठरवलेलं, आणि एकाहून जास्त हंगाम.